पीएलएला कणी धरू द्या

एप्रिलच्या दुपारी बेळगाव जिल्ह्यातल्या अथणी-रायबागच्या बाजूला पारा चाळिशीला टेकतो. त्याच वेळी उन्हात उभ्या असलेल्या बंद टेम्पोच्या आत साठ अंश सहज होतात. पीएलए म्हणजे पिकातल्या साखरेपासून केलेलं, कंपोस्ट होणारं प्लास्टिक; त्याचे कप, झाकणं, चमचे अशा गाडीत दोन तास राहिले की एकात एक घातलेले कप चिकटून बसतात, चमच्यांचे दांडे वाकतात आणि झाकण पुन्हा कपावर बसत नाही. माल भेसळीचा होता असा संशय लगेच घेतला जातो. बहुतेक वेळा तसं काही नसतं. पीएलए ५५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान मऊ पडतं, मग ते मक्यापासून केलेलं असो की उसापासून.

आपल्या ऊस पट्ट्यात या प्लास्टिकबद्दल कुतूहल वाढलं आहे, आणि ते रास्त आहे. उसाची साखर आंबवून लॅक्टिक आम्ल, त्यापासून लॅक्टाइड आणि त्यापासून पीएलए अशी ही वाट आहे. थायलंडमध्ये उसापासून पीएलए मोठ्या प्रमाणावर निघतं, आणि उत्तर प्रदेशात कुंभी इथे बलरामपूर चिनी मिल्सने पीएलएचा कारखाना हाती घेतला आहे. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदा वापरून फेकायच्या ठरावीक प्लास्टिक वस्तूंवर बंदी आल्यापासून छोट्या मोल्डिंगवाल्यांकडेही या मालाची विचारणा होते. विचारणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: यात काय घातलं म्हणजे उष्णता सोसेल?

माझ्या मते इथेच गाडी चुकीच्या रुळावर जाते. नुसतं काही घालून पीएलए उष्णता सोसत नाही. त्याला कणी धरावी लागते, म्हणजे आत स्फटिक बनावे लागतात, आणि घालायच्या सगळ्या वस्तू त्या कामाला मदत म्हणून असतात.

साखर कारखान्यात पाक आटवायच्या पॅनवर काम केलेल्या माणसाला हे सांगायला वेळ लागत नाही. पाक कितीही घट्ट केला तरी दाणा आपोआप, हव्या त्या आकाराचा पडत नाही. योग्य घट्टपणाला पॅनमन बारीक साखरेचं बी सोडतो, तापमान सांभाळतो, आणि मग त्या बियांवर दाणा वाढतो. पाक झटकन गार केला तर काचेसारखा गोळा होतो. थंड साच्यात टोचलेलं, म्हणजे वितळवून दाबाने भरलेलं, पीएलए म्हणजे हाच काचेचा गोळा. त्यातल्या लांब साखळ्यांना ओळीत बसायला वेळच मिळालेला नसतो. अशी वस्तू पारदर्शक आणि छान दिसते, पण साठ अंशांना तिचा कणा मोडतो. कणी धरलेली वस्तू दुधी दिसते. तिचे स्फटिक दीडशेच्या पुढे गेल्याशिवाय वितळत नाहीत, त्यामुळे साठ अंशांवर मधला मऊ भाग ढिला पडला तरी हे स्फटिक आकार धरून ठेवतात.

पहिला निर्णय दाणा विकत घेतानाच होतो. (यापुढे ‘दाणा’ म्हणजे कच्च्या मालाचा दाणा आणि ‘कणी’ म्हणजे आतला स्फटिक, नाहीतर घोळ होईल.) पीएलएच्या साखळीत एल आणि डी अशा दोन जातींचे दुवे असतात. डीचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास किंवा खाली असेल तर कणी लवकर धरते आणि वितळबिंदू १७० अंशांच्या पुढे असतो. चार टक्क्यांच्या आसपास वितळबिंदू दीडशेवर येतो आणि कणी रेंगाळते. दहा-बारा टक्क्यांच्या दाण्याला कणी धरतच नाही, मग भट्टीत दिवसभर ठेवा. फिल्मसाठी, सील करण्यासाठी विकला जाणारा दाणा बहुधा जास्त डीचा असतो आणि तो स्वस्तात मिळाला म्हणून चमच्याला वापरला जातो. त्यानंतरचे सगळे कष्ट वाया जातात. विक्रेत्याकडून डेटाशीट मागा आणि त्यात वितळबिंदू पाहा. वितळबिंदू लिहिलेलाच नसेल आणि नुसतं ‘अमॉर्फस’ (कणी न धरणारं) असेल तर तो दाणा उष्णतेच्या कामाचा नाही.

बी म्हणून सगळ्यात भरवशाची वस्तू म्हणजे बारीक टाल्क, म्हणजे शंखजिऱ्याची पूड. एक टक्का टाल्कनेही कणी धरण्याचा वेग कितीतरी वाढतो. दहा-पंधरा टक्क्यांपर्यंत जायचं कारण वेगळं आहे: तिथून पुढे ताठपणा वाढतो आणि किंमत उतरते. कण दोन-तीन मायक्रॉनचे घ्या. जाड टाल्क बी म्हणून कमी पडतो, आणि वस्तूला तडा जाण्याची जागा मात्र तयार करून देतो. टाल्कच्या जोडीला ०.५ टक्का इथिलीन बिस-स्टिअरामाइड, म्हणजे एक मेणासारखं द्रव्य, घातलं तर बियांची संख्या वाढते आणि वस्तू साच्यातून सुटायलाही सोपी जाते. टाल्कच्या जागी कॅल्शियम कार्बोनेट चालेल का, असं हमखास विचारलं जातं, कारण ते स्वस्त आहे. ते बी म्हणून टाल्कच्या जवळपासही जात नाही, शिवाय त्याचा अल्कधर्म गरम पीएलएच्या साखळ्या तोडायला मदत करतो. मी ते वापरू नका असंच सांगेन.

साखळ्यांना हलायला सोपं जावं म्हणून काही जण प्लॅस्टिसायझर, म्हणजे प्लास्टिक मऊ करणारं द्रव्य, घालतात, पीईजी किंवा अॅसिटाइल ट्रायब्यूटाइल सायट्रेट. कणी खरंच लवकर धरते. पण मऊ पडायचं तापमान आणखी खाली येतं आणि उन्हाळ्यात ठेवलेल्या मालावर तेलकट थर येतो. दोन-तीन टक्क्यांच्या वर जाऊ नका. पीडीएलए म्हणजे उलट जातीचं पीएलए तीन-पाच टक्के घातलं तर जे संमिश्र स्फटिक बनतात ते २२० अंशांच्या पुढे वितळतात आणि अतिशय चांगलं बी होतात. मात्र वितळलेला माल २०० अंशांच्या वर नेला की ही बियाणी हळूहळू विरघळू लागतात, आणि भाव पाहिला तर छोट्या कारखान्याला ते परवडत नाही.

आता साचा. पीएलएला कणी सगळ्यात लवकर १०० ते ११५ अंशांच्या दरम्यान धरते. त्यामुळे साचा एकतर ३० अंशांच्या खाली ठेवा किंवा ९५ ते १०५ वर. मधलं तापमान सगळ्यात वाईट. साठ-ऐंशीच्या साच्यात वस्तू मऊ राहते, कणी धरत नाही, साच्याला चिकटते आणि वस्तू बाहेर काढणाऱ्या पिनांनी ढकलताना तिच्या पोटात खड्डे पडतात. ‘थोडा गरम केला तर थोडा फायदा होईल’ हा हिशोब इथे चालत नाही.

शंभर अंशांच्या साच्याला पाण्याची नळी पुरत नाही, तेलाचा किंवा दाबाखालच्या पाण्याचा हीटर लागतो. बेळगावच्या उद्यमबाग-मच्छेकडच्या टूलरूमना (साचे बनवणाऱ्यांना) हे काम अवघड नाही, फक्त ऑर्डर देतानाच सांगायला हवं. साचा आणि मशिनची प्लेट यांच्यामध्ये आठ-दहा मिलिमीटरचा ग्लास-इपॉक्सीचा पत्रा घाला, नाहीतर सगळी उष्णता मशिनच्या अंगात जाते. ओ-रिंग आणि होज १५० अंश सोसणारे घ्या. पिनांचं फिट गार साच्यावर अगदी घट्ट ठेवलं असेल तर शंभर अंशांवर पिना अडकतात. आणि आकसणं: थंड साच्यातलं पीएलए ०.३ ते ०.५ टक्के आकसतं, कणी धरलेलं एक टक्का किंवा त्याहूनही जास्त. जुन्याच साच्यात गरम पद्धतीने काढलेलं झाकण कपावर बसत नाही, ते यामुळे. चांगलं बी घातलेल्या, दीड मिलिमीटर जाडीच्या चमच्याला साच्यात ३० ते ६० सेकंद लागतात. पीपीच्या (पॉलिप्रॉपिलीन, नेहमीच्या डब्यांचं प्लास्टिक) सवयीने पंधरा सेकंदांत काढायला गेलात तर चमचा हातात लोंबतो.

साचा गरम करण्याची सोय नसेल तर वस्तू थंड साच्यात काढून नंतर भट्टीत भाजण्याचा मार्ग आहे. गरम हवा फिरणारी भट्टी, १०० अंश, पातळ वस्तूला १५ ते ३० मिनिटं. दोन मिलिमीटरच्या वर जाडी असेल तर ४५. वस्तू मोकळी ठेवू नका. साठ अंश ओलांडताच ती आधी मऊ होते आणि टोचताना तिच्यात कोंडलेला ताण सुटतो, म्हणून ती पिळते. अॅल्युमिनियमच्या जिगमध्ये, तिच्याच आकाराच्या खाचेत बसवून ठेवा. गार करायची घाई करू नका, जिगमध्येच पन्नास अंशांखाली येऊ द्या. चमच्याला हा मार्ग चांगला चालतो. झाकण, डबा अशा मापात बसणाऱ्या वस्तूंना मी तो सुचवणार नाही, कारण प्रवाहाच्या दिशेने एक-दोन टक्के आकसणं आणि आडव्या दिशेने वेगळंच, अशी गत होते.

आता बळकटी. नुसतं पीएलए ओढायला मजबूत आहे, ५० ते ६० मेगापास्कल, म्हणजे पीपीपेक्षा जास्त. ते कमी पडतं ते लवचिकपणात: तीन ते सहा टक्के ताणलं की तुटतं आणि खाली पडलं की फुटतं. त्यावर उपाय म्हणून पीबीएटी किंवा पीबीएस ही जास्त लवचिक, कंपोस्ट होणारी प्लास्टिकं मिसळतात. पीबीएटी रबरासारखं, ताणलं तर पाच-सहापट लांब जाणारं, पण त्याचा वितळबिंदू ११५ ते १२० आणि ताठपणा जवळजवळ नाहीच. पीबीएस त्याहून ताठ, ११५ च्या आसपास वितळणारं, आणि कणी मात्र झटपट धरणारं. उष्णतेच्या कामाला मी पीबीएस पसंत करतो. धक्का सोसायचा असेल, फिल्म काढायची असेल तर पीबीएटी. एक गोष्ट ग्राहकाला स्पष्ट सांगावी: पीबीएटी कंपोस्ट होणारं असलं तरी ते बहुतांशी खनिज तेलापासूनच येतं. मिश्रणावर ‘शंभर टक्के वनस्पतीजन्य’ लिहिता येत नाही.

पीएलए आणि त्यात मिसळलेलं प्लास्टिक ही दोन दूध-पाण्यासारखी एकजीव होत नाहीत. एकात दुसऱ्याचे थेंब राहतात. थेंब एक मायक्रॉनच्या खाली असतील तर धक्का बसताच ते ताणले जातात आणि तडा तिथेच अडतो. पाच-दहा मायक्रॉनचे असतील तर ते पोकळीसारखे वागतात, आणि मिश्रण नुसत्या पीएलएपेक्षा कमजोर निघतं. पीबीएटी वाढवूनही वस्तू फुटतेच, अशी तक्रार येते तेव्हा प्रमाण दोषी नसतं, जोड दोषी असतो. जोडासाठी इपॉक्सी गट असलेला चेन एक्स्टेंडर वापरतात, ०.३ ते ०.५ टक्के. तो दोन्ही साखळ्यांची टोकं पकडतो आणि ओलाव्याने तुटलेल्या साखळ्याही काही अंशी सांधतो. त्याची मात्रा जीव मुठीत धरून वाढवा. एक टक्क्याकडे गेलात की मालात गाठी येतात, स्क्रूचा भार वाढतो, आणि फांद्या फुटलेल्या साखळ्या ओळीत बसायला अडतात, म्हणजे कणी पुन्हा रेंगाळते. मॅलेइक अॅनहायड्राइड लावलेलं पीएलए हाही चांगला जोड आहे, ३ ते ५ टक्के. ते तयारच विकत घ्या. पेरॉक्साइड टाकून स्वतः करायला जाल तर डोळे-घसा जाळणाऱ्या वाफांची सोय आधी करावी लागेल.

गरम चमच्यासाठी सुरुवातीला हा दहा किलोचा घाणा धरा: कमी डीचं पीएलए ६.८ किलो, पीबीएस १.५ किलो, टाल्क १.६ किलो, चेन एक्स्टेंडर ४० ग्रॅम, इथिलीन बिस-स्टिअरामाइड ६० ग्रॅम. वस्तू फुटत असेल तर पीबीएस दोन किलोपर्यंत न्या आणि तेवढं पीएलए कमी करा. वाकत असेल तर घाण्याला हात लावण्याआधी साच्याचं तापमान आणि वेळ तपासा. दहापैकी आठ वेळा दोष तिथेच सापडतो.

मिश्रण दोन स्क्रूंच्या एक्स्ट्रूडरवर, म्हणजे माल वितळवून मिसळणाऱ्या यंत्रावर, करा. एका स्क्रूच्या मशिनवर टाल्क नीट पसरत नाही, पांढरे ठिपके राहतात. तापमान दाणा आत जातो त्या तोंडाशी १५०, पुढे १६५, १७५, १८०, १८०, आणि माल बाहेर पडतो त्या डायला १७५. हीटरच्या पट्टीवर दिसणारा आकडा आणि आतल्या मालाचं तापमान यांत फरक असतो. स्क्रू जोरात फिरला तर घर्षणाने माल पंधरा-वीस अंश वर जातो. डायमधून निघणाऱ्या दोऱ्यात तापमापक खुपसून पाहा. तो २०० च्या खाली राहायला हवा. दोरा पिवळट दिसला किंवा पाण्यासारखा पातळ वाहू लागला तर साखळ्या तुटत आहेत. वीज गेली तर माल गरम बॅरलमध्ये, म्हणजे स्क्रूभोवतीच्या नळीत, तसाच ठेवू नका. वीज येताच आधी एलडीपीई (साध्या पिशव्यांचं प्लास्टिक) घालून बॅरल धुऊन काढा, मग पुन्हा सुरुवात करा.

इतकं सगळं जमवूनही आपल्याकडे माल बिघडण्याचं पहिलं कारण पाऊस असतो. खानापूर-जांबोटीच्या बाजूला जून ते सप्टेंबर हवा इतकी ओली असते की उघडं राहिलेलं पोतं तासाभरात पाणी पितं. पीएलए, पीबीएटी, पीबीएस, तिन्ही एस्टर जातीचे, म्हणजे पाण्याने तुटणाऱ्या जोडांचे. १८० अंशांवर पाण्याचा प्रत्येक रेणू एक साखळी तोडू शकतो. ओलावा २५० पीपीएमच्या खाली हवा, म्हणजे शंभर किलोत पंचवीस ग्रॅम. साधी ट्रे भट्टी पावसाळ्यात हे करू शकत नाही, कारण ती बाहेरचीच ओली हवा गरम करून आत फिरवते. डेसिकंट, म्हणजे ओलावा शोषणारं द्रव्य, असलेला ड्रायर लागतो, ज्याच्या हवेचा दवबिंदू उणे ४० अंश असतो. कणी धरलेला दाणा ८० अंशांवर चार तास सुकवा. पीबीएटी-पीबीएस ६५-७० वर, वेगळे. टाल्क ११० वर तीन-चार तास.

इथे एक फसवा टप्पा आहे. एक्स्ट्रूडरमधून निघून पाण्याच्या टाकीतून आलेला दाणा काचेचा असतो, त्याला अजून कणी धरलेली नसते. तो थेट ८० अंशांच्या हॉपरमध्ये टाकलात तर साठ ओलांडताच दाणे एकमेकांना चिकटतात आणि आत गुळाची ढेप तयार होते, जी फोडून काढावी लागते. म्हणून आधी ५० अंशांवर रात्रभर, मग हळूहळू ढवळत ८०-९० पर्यंत. दाणा दुधी झाला की त्याला कणी धरली, पुढे चिकटत नाही.

ओलावा मोजायला कार्ल फिशर यंत्र लागतं. छोट्या कारखान्यात ते नसतं, आणि साध्या मॉइश्चर बॅलन्सला इतका बारीक आकडा कळत नाही. त्याऐवजी मेल्ट फ्लो पाहा, म्हणजे ठरावीक तापमानाला आणि वजनाखाली वितळलेला माल किती वाहतो ते. कोरड्या मूळ दाण्याचा आणि वस्तूच्या तुकड्याचा, दोन्ही एकाच तापमानाला आणि वजनाला, म्हणजे १९० अंश आणि २.१६ किलो. वस्तूचा आकडा मूळच्या दीडपटीपर्यंत गेला तर काळजी घ्या, दुप्पट झाला तर तो माल ग्राहकाकडे पाठवू नका. आज तो चमचा हातात ठणठणीत वाटेल, पण महिन्याभरात काडीसारखा मोडेल. रनरचा (साच्यात माल नेणाऱ्या वाटेत उरलेल्या तुकड्यांचा) चुरा परत वापरताना हेच लक्षात ठेवा: पंधरा टक्क्यांच्या वर नको, आणि तोही सुकवूनच.

आता चिपाडाविषयी. गळीत हंगामात आपल्या तालुक्यांत चिपाडाचे डोंगर उभे राहतात आणि ‘हेच प्लास्टिकमध्ये घालू’ ही कल्पना प्रत्येकाला सुचते. कल्पना चांगली आहे. उसाच्या तंतूत ४० ते ५० टक्के सेल्युलोज असतं आणि ते ताठपणा देतं. पण गिरणीतून निघालेलं चिपाड निम्मं पाणी असतं, त्यात दोनेक टक्के साखर उरलेली असते, आणि साधारण तिसरा हिस्सा पिथ म्हणजे भुसभुशीत गर असतो. हा गर प्लास्टिक पितो आणि बळ काहीच देत नाही. साखर बॅरलमध्ये करपते, मालाला काकवीचा वास आणि तपकिरी रंग येतो. म्हणून आधी गरम पाण्याने धुणं, वाळवणं, दळणं आणि बारीक चाळणीतून पिथ झाडून काढणं. अर्धा ते दोन मिलिमीटर लांबीचा तंतू ठेवा. पिठासारखा दळलात तर तो तंतू राहत नाही, नुसती भरती होते.

मग कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया. एक किलो कोरड्या तंतूला १५ लिटर पाणी, त्यात ३०० ग्रॅम कॉस्टिक, म्हणजे दोन टक्के. खोलीच्या तापमानाला दोन तास, अधूनमधून ढवळत. कॉस्टिक पाण्यात टाका, पाणी कॉस्टिकवर ओतू नका. हातमोजे आणि चष्मा घाला. लिग्निन आणि हेमिसेल्युलोज निघतं, तंतू खरबरीत होतो आणि प्लास्टिक त्याला धरतं. वजन बरंच घटतं, ते हिशोबात धरा. पाच टक्क्यांच्या पुढे गेलात तर सेल्युलोजच कमजोर होतं. सगळ्यात महत्त्वाचं धुणं: पीएच ७ येईपर्यंत, शेवटच्या पाण्यात थोडं अॅसेटिक आम्ल. उरलेला कॉस्टिक बॅरलमध्ये पीएलएच्या साखळ्या कापतो. तंतूवर प्रक्रिया करूनही माल ठिसूळ निघाला, तर धुणं अपुरं पडलं असं बेलाशक समजा. ते काळं पाणी ओढ्यात सोडू नका, आधी आम्ल घालून उदासीन करा.

तंतू १०५ अंशांवर सुकवून त्याचा ओलावा एक टक्क्याच्या खाली आणा आणि एक्स्ट्रूडरच्या मधल्या बाजूने, प्लास्टिक वितळल्यानंतर घाला. तोंडाशी घातला तर स्क्रू त्याचा चुरा करतो. पुढे वाफ ओढून घेणारा व्हॅक्यूम व्हेंट उघडा ठेवा. प्रमाण १० ते २० टक्के. त्यापुढे तंतूंच्या गुंडाळ्या होतात आणि साच्याच्या तोंडात, म्हणजे गेटमध्ये, अडकतात. तापमान १८५ च्या वर नको. कणी न धरलेल्या पीएलएमध्ये वीस टक्के चिपाड घातलं तरी उष्णता सोसण्याचा आकडा जेमतेम दोन-चार अंश सरकतो, आणि यामुळेच पुष्कळ जण निराश होतात. कणी धरलेल्या पीएलएमध्ये तोच तंतू मऊ पडलेल्या भागाला काठीसारखा आधार देतो.

आणखी एक इशारा. जुन्या, ओलसर, बुरशी धरलेल्या चिपाडाची धूळ फुप्फुसात गेली तर बॅगॅसोसिस नावाचा आजार होतो. ताप, खोकला, दम. दळताना आणि चाळताना चांगला मास्क हवाच, आणि बुरशीचा वास येणारा ढीग घेऊच नका.

तपासणीत दोन आकड्यांची गल्लत नेहमी होते. उष्णतेने वाकण्याचं तापमान, म्हणजे एचडीटी, ०.४५ मेगापास्कलच्या भाराखाली मोजता येतं आणि १.८ च्या भाराखालीही. कणी धरलेलं पीएलए ०.४५ वर शंभर ओलांडतं, पण तंतू किंवा भरपूर टाल्क नसेल तर १.८ वर साठ-सत्तरीतच अडकतं. विक्रेता पहिला आकडा सांगतो आणि घेणारा दुसरा समजतो. चमचा, कप यांना पहिला पुरेसा. खुंटी, हँडल, क्लिप अशा भार घेणाऱ्या वस्तूला दुसराच पाहायचा.

कणी किती धरली हे डीएससीवर, म्हणजे नमुना तापवताना त्याने घेतलेली-सोडलेली उष्णता मोजणाऱ्या यंत्रावर, कळतं, आणि ही चाचणी सिपेटसारख्या (केंद्र सरकारची प्लास्टिक अभियांत्रिकी संस्था) संस्थेत किंवा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत करून मिळते. वितळण्याच्या उष्णतेतून तापवतानाच धरलेल्या कणीची उष्णता वजा करा आणि ९३ (पूर्ण स्फटिक पीएलएची वितळण्याची उष्णता, ज्यूल प्रति ग्रॅम) गुणिले पीएलएचा अंश याने भागा. समजा मिश्रणात पीएलए ०.६८ आहे, वितळताना २८ आणि आधी कणी धरताना २२ ज्यूल प्रति ग्रॅम आले. उरले ६. भागिले ६३.२, म्हणजे साडेनऊ टक्के. ही वस्तू अजून काचेचीच आहे. गरम साच्यातल्या वस्तूत तोच दुसरा आकडा २२ वरून १ वर आला तर २७ भागिले ६३.२, म्हणजे जवळजवळ ४३ टक्के. हे हवं. पीबीएस किंवा पीबीएटीचं शिखर वेगळं, ११५ च्या आसपास येतं, ते यात धरू नका.

प्रयोगशाळा जवळ नसेल तर उकळतं पाणी ग्लासात घ्या, चमचा उभा सोडा, दांड्याच्या टोकाला ५० ग्रॅमचं वजन टांगा आणि पाच मिनिटं थांबा. प्रत्येक घाण्यातले पाच चमचे. वाकणं पट्टीने मोजून वहीत लिहा. ही चाचणी माल निघाला त्याच दिवशी करा आणि आठवड्याने पुन्हा. धक्क्याची चाचणी तर आठवड्यानंतरचीच खरी, कारण काचेचा राहिलेला भाग साठवणीत हळूहळू आखडतो आणि वस्तू ठिसूळ होते. पहिल्या दिवशीच्या आकड्यावर ऑर्डर घेतली तर परतीचा माल ठरलेला.

पेटीवर ‘कंपोस्टेबल’ छापण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र आणि आयएस/आयएसओ १७०८८ ची चाचणी लागते. चाचणी त्या मिश्रणाची आणि त्या जाडीची असते. टाल्क, चिपाड, एक्स्टेंडर यांची मात्रा बदलली की दाणेवाल्याचं जुनं प्रमाणपत्र तुमच्या चमच्याला लागू होत नाही. कणी धरलेली जाड वस्तू काचेच्या पातळ वस्तूपेक्षा हळू विरते. तिला ५८ अंशांच्या आसपास तापणारा मोठा कंपोस्ट ढीग लागतो. शेताच्या बांधावर टाकलेला चमचा पुढच्या हंगामातही तसाच सापडेल, म्हणून वापरलेले चमचे गोळा करून नेण्याची व्यवस्था ऑर्डर घेतानाच ठरवून घ्या.